नेढं

सिगरेट सोडून तेविसावा दिवस
आणि रांगेत उभं राहून चौथा.
वर कुठेतरी बर्फाचा कडा कोसळलाय,
लार्सचा नाका बंद.
पुढे दोनशे ट्रक. मागे किती,
ते मोजायला कोण उतरणार या वाऱ्यात.
माझ्या पाठीशी अठरा टन टोमॅटो;
आर्ताशातहून निघाले तेव्हा हिरवट होते,
आता आपापले लाल होतायत.

हातांना काय माहीत रस्ता बंद आहे.
नखं कुरतडून संपली,
सीटचं रेक्झिन सोलून झालं,
हीटरच्या स्क्रूचा आटा फिरवून फिरवून घालवला.
रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो म्हणतात,
इथे भिंतसुद्धा नव्हती.

टपरीवरची नानुली ड्रायव्हरांना
चहा विकते आणि लोकरीचे मोजे.
माझी बोटं पाहिली तिने, मोजे दिलेच नाहीत.
पाच सुया दिल्या, राखाडी लोकरीचा गुंडा,
आणि हात पुढे केला: पैसे.
सुलटा, सुलटा, उलटा, उलटा.
तिला माझी भाषा येत नाही, मला तिची.
चुकलं की चमचा बसायचा मनगटावर.
पहिल्या दिवशी जे झालं
ते मोज्याचं तोंड की मांजराच्या गळ्यातला पट्टा,
मागच्या ट्रकवाला सेरोब म्हणाला,
मांजरालाच विचारावं लागेल.

मग तिने खुणेनं विचारलं, पाय केवढा?
मुलीसाठी विणतोय. आराक्सी. सोळा वर्षांची.
दाखवायला गेलो
तर माझ्या दोन तळव्यांमध्ये आपोआप
सहा वर्षांच्या पायाएवढंच अंतर पडलं.

रेंज येते ती फक्त वळणावरच्या खांबापाशी.
रात्री तिथे कुडकुडत मेसेज टाकला.
उत्तरात फोटो: फरशी, शाळेची पट्टी, पट्टीवर पाय,
अंगठ्याला निळं नेलपॉलिश.
साडेतेवीस.
खाली लिहिलेलं, कशाला?
आणि टोमॅटो ठीक आहेत ना?

टोमॅटो ठीक नव्हते.
सहाव्या दिवशी ट्रेलरखाली पाणी ठिबकायला लागलं,
व्यापाऱ्याने फोन उचलणं बंद केलं.
मी टाच वळवत होतो.
टाच अवघड. ओळ अर्ध्यातूनच परत फिरते,
पुन्हा अर्ध्यातून, दर खेपेला एक टाका मागे ठेवून.
वाटतं, काहीच पुढे सरकत नाहीये,
आणि मग केव्हातरी विणीला कोपरा आलेला असतो.
त्या रात्री हिशोब मांडला नाही.
चौदा टाके सुटले होते, ते उचलले.

सेरोब आला, काखेत उसवलेलं जॅकेट घेऊन.
तुझ्याकडे सुई आहे ना, म्हणाला.
मी म्हटलं, ही ती नव्हे.
विणायच्या सुईला नेढं नसतं.
नेढं समोर होतं,
डोंगराच्या पोटातला तो काळा बोगदा,
आणि आम्ही सगळे टोक ओलं करून,
पीळ देऊन ठेवलेला दोरा.

नवव्या दिवशी पहाटे
टाके घटवत बोटांपर्यंत आलो. आठ उरले.
नानुलीची रफूची सुई दातांत धरली,
आठांतून लोकर ओढून घेतली की संपलं.
तेवढ्यात पुढचे दिवे हलले.
एकामागून एक इंजिनं खाकरली,
बर्फावरून डिझेलचा धूर सरकला.
मागून हॉर्न. मग शिव्या, तीन भाषांत;
आईवरची सेरोबची होती, ओळखली.

नऊ दिवस मी सगळ्यांची वाट पाहिली,
बर्फाची, नाक्याची, शिक्का मारणाऱ्या साहेबाची.
आता त्या न मोजलेल्या साऱ्या गाड्या
माझी पाहत होत्या.
बोटं गारठलेली, लोकर नेढ्यात जाईना.
पाहू देत, म्हटलं.

चौथ्या खेपेला गेली.
ओढली, गाठ मारली, दातांनी तोडली,
मग गिअर टाकला.

मोजा एकच झालाय.
दुसरा येताना, रांग मिळाली तर.